निकाल येण्याआधीचा रस्सा

१९ नोव्हेंबर २०२३ ला मी विस्कॉन्सिनमध्ये माझं पहिलं हरीण मारलं. चार दिवसांनी त्याचा रस्सा करून अकरा जणांना वाढला. त्यानंतर अकरा दिवसांनी, ४ डिसेंबरला, त्या हरणाला सीडब्ल्यूडी, म्हणजे हरणांना खंगवून मारणारा मेंदूचा रोग, असल्याचा निकाल आला.

त्यातलं कोणीही आजारी पडलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. तरीही हे प्रकरण मी पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढते आहे. दर नोव्हेंबरात इथल्या कितीतरी मराठी घरांत कुणा सहकाऱ्याकडून, कुणा शेजाऱ्याकडून हरणाच्या मटणाचं एखादं पाकीट येतं. आपण ते आनंदाने घेतो, वाटण घालून शिजवतो. त्या पाकिटाबरोबर काय विचारायचं, आणि आपण देणारे असू तर काय सांगायचं, हे मला कोणी वेळेवर दटावून सांगायला हवं होतं. खरं तर सांगितलं होतं. तेच या प्रकरणातलं सगळ्यात दुखरं ठिकाण आहे.

ठिकाण आणि माणसं

आम्ही मॅडिसनच्या पश्चिमेला राहतो. तिथून तासाभरावर आयोवा काउंटी लागते. नाव आयोवा असलं तरी काउंटी विस्कॉन्सिनचीच. हिमयुगातल्या हिमनद्या या भागावरून गेल्याच नाहीत, त्यामुळे इथे सपाटी कमी, डोंगराच्या सोंडा, घळी, ओढे, वर ओकची झाडं आणि खाली मक्याची शेतं. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पावसाळा सरल्यानंतरच्या कुडाळ-सावंतवाडीकडच्या सड्यांची आठवण झाली होती.

तिथे एका निवृत्त दूध-शेतकऱ्याची ऐंशी एकर जमीन आहे. वय एकाहत्तर. आमची मुलं त्यांना 'शेतवाले आजोबा' म्हणतात, म्हणून मीही इथे तेच म्हणते. त्यांचा एक नियम होता: त्यांच्या जमिनीवर शिकार करायची तर आधी वर्षभर त्यांच्याबरोबर त्या जमिनीवर चालायचं.

मी का गेले? माझे आजोबा सिंधुदुर्गातले. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याआधीच्या शिकारीच्या गोष्टी ते सांगायचे: हाका कसा घालायचा, कोण कुठल्या पाळीवर बसायचं आणि शेवटी वाटे कसे पडायचे. बार टाकणाऱ्याचा एक जादा, हाक्याला आलेल्या प्रत्येकाचा सारखा, आणि ज्या घरात कमावता पुरुष नाही त्या घरालाही एक. "शिकार एकट्यान खायची नसता," हे त्यांचं वाक्य माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की पुढे जे झालं त्यात त्याचा मोठा हात आहे.

पण भारतात ते दार बंद झालं, आणि ते योग्यच झालं. आपल्याकडे चितळ, सांबर, भेकर यांना जागा उरलेली नाही. विस्कॉन्सिनची गोष्ट वेगळी आहे. पांढऱ्या शेपटीची हरणं इथे पंधरा लाखांहून जास्त आहेत. लांडगे उत्तरेला थोडेसे, बाकी शत्रू म्हणजे मुख्यतः मोटारगाड्या आणि हिवाळा. हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचं काम राज्य शिकाऱ्यांच्या हातून करून घेतं. बंदुकीचा मुख्य सीझन फक्त नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होणारा. त्या नऊ दिवसांसाठी पाच लाखांवर माणसं परवाना काढतात. २०२३ मध्ये तो १८ ते २६ नोव्हेंबर होता.

तयारी

विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचं शिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. नवख्याने अनुभवी माणसाच्या हाताच्या अंतरावर राहून शिकार करायचीही सोय आहे, पण मला रीतसर शिकायचं होतं. गावच्या क्लबच्या हॉलमध्ये संध्याकाळचे वर्ग. वर्गात बहुतेक दहा-बारा वर्षांची मुलं, त्यांचे आईवडील मागे भिंतीला टेकून उभे, आणि मधल्या बाकावर मी. चार नियम आमच्याकडून इतक्या वेळा म्हणून घेतले की झोपेतही आठवावेत: प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजायचं, नळी नेहमी सुरक्षित दिशेला, लक्ष्य काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री, आणि बार टाकायची वेळ येईपर्यंत बोट घोड्याच्या बाहेर.

व्हिसावर असलेल्या मित्रांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. अमेरिकेच्या संघीय कायद्याने बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं म्हणून हा प्रश्न आला नाही. तुमचा येत असेल तर रेंजवर नुसतं मित्राची बंदूक हातात घ्यायच्या आधी वकिलाला विचारा.

रायफल शेतवाल्या आजोबांची, बोल्ट-अ‍ॅक्शन, हलक्या धक्क्याची. काडतुसं मी तांब्याच्या गोळीची घेतली. शिशाची गोळी हाडावर आपटून फुटली की तिचे बारीक कण मटणात दूरवर पसरतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि जंगलात टाकलेली आतडी खाऊन गरुडांना शिशाची विषबाधा होते. मुलं खाणार असलेल्या घरात शिसं नको, हे मला चटकन पटलं. बघा, त्या बाबतीत मी किती काळजी घेतली होती.

सप्टेंबर-ऑक्टोबर नेमबाजीत गेला. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून शंभर यार्डांवर नेम छान बसायचा. मग आजोबांनी टेबल काढून घेतलं. आठ इंची कागदी ताटली झाडाला टाचली आणि म्हणाले, जसं मचाणावर बसणार तसं बस. हरणाच्या फुप्फुस-हृदयाची जागा साधारण तेवढीच असते. पंच्याहत्तर यार्डांवर पाचपैकी पाच. शंभरावर पाचपैकी तीन. त्यांनी ताटली माझ्या हातात दिली आणि काही बोलले नाहीत. मी त्या ताटलीच्या मागे लिहिलं: पंच्याहत्तरच्या पुढे नाही.

बाकीची तयारी वाऱ्याची. हरणाला आपण दिसण्याआधी आपला वास जातो. डोंगराळ भागात वाऱ्याचं आणखी एक अंग असतं: सकाळी ऊन चढलं की हवा चढावर सरकते, आणि सूर्य कलला की गार होऊन पाण्यासारखी घळीतून खाली वाहते. म्हणून सकाळची बसायची जागा आणि संध्याकाळची जागा एक नसते. संध्याकाळचं मचाण आम्ही ओढ्याच्या बाजूला बांधलं, म्हणजे आपला वास उतरून ओढ्यात जाईल आणि हरणं ओकच्या सोंडेवरून मक्याकडे उतरतील ती आपल्या वरच्या अंगाने. पंधरा फुटांची शिडी, अंगभर पट्ट्यांचा सुरक्षा-पट्टा, आणि जमिनीवर पाय असतानाच त्या पट्ट्याला अडकवायची दोरी. शिकारीतले बरेच अपघात गोळीचे नसून मचाणावरून पडण्याचे असतात.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आजोबांनी त्यांच्या शेडमध्ये बसून मला सगळं एकदा उजळून घ्यायला लावलं. मी वहीत टिपत होते. ती वही आत्ता समोर आहे. पान सतरा. नारिंगी कपडे: कमरेच्या वर निम्म्याहून कमी चालत नाही, टोपी घातली तर तीही निम्मी. वेळ: सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपर्यंत. नोंदणी: दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत. मुंडकं: मानेचे पाच इंच ठेवून कापायचं, चाचणीच्या पेटीत टाकायचं. आणि त्याखाली माझ्याच अक्षरात: "निकालापर्यंत मटणाला हात नाही." खाली रेघसुद्धा ओढलेली आहे.

शनिवार, रविवार

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला डोक्यावरचा दिवा लावून मचाणावर चढले. दिवा विझवला. अंधारात आधी काही दिसत नाही, मग झाडांचे बुंधे वेगळे होतात, मग पानं. उजाडताच लांबून बार ऐकू यायला लागले, एक पूर्वेला, दोन दरीपलीकडे. माझ्यासमोर एक मादी आणि तिचं त्याच वर्षीचं पाडस ओकची फळं खात अर्धा तास होती. पाडसाच्या कानाच्या आतले पांढरे केस मला दिसत होते. मादीचा परवाना माझ्याकडे होता. मी बार टाकला नाही. त्यामागे काही मोठा विचार नव्हता, हात वर गेला नाही एवढंच. नऊच्या सुमारास एक मोठा नर सोंडेवरून भरभर गेला, सव्वाशे यार्डांवर. ताटलीच्या मागचं वाक्य आठवलं. जाऊ दिला.

रविवारी संध्याकाळी चार वाजून दहा मिनिटांनी दुसरा नर आला. अडीच वर्षांचा असावा. प्रत्येक बाजूला चार फाटे, मान माजाच्या दिवसांत फुगते तशी फुगलेली, मांड्यांवर चरबी, केस चकाकणारे. साठ यार्डांवर आडवा उभा राहिला. मी श्वास सोडला, नेम खांद्यामागे धरला आणि घोडा दाबला त्याच क्षणी त्याने एक पाऊल पुढे टाकलं.

त्याने पाठ कमानीसारखी केली, मागचे पाय झाडले आणि झुडपांत घुसला. मग शांतता. माझे गुडघे इतके थरथरत होते की मचाणाची शिडी वाजत होती.

आजोबा आले. जिथे हरीण उभं होतं तिथे आम्ही फक्त त्या जागेपर्यंत गेलो. त्यांनी एक पान उचलून टॉर्चखाली धरलं. फेसाळ गुलाबी रक्त असलं तर गोळी फुप्फुसात. हिरवट, वास मारणारं काही असलं तर पोटात. पानावरचं रक्त गडद होतं, जवळजवळ तपकिरी, फेस नाही. "लिव्हर," ते म्हणाले. म्हणजे मरणार नक्की, पण आत्ता मागे लागलो तर उठून पळेल आणि मैलभर जाऊन पडेल. शांत सोडलं तर जवळच बसेल. चार तास थांबायचं.

त्या चार तासांबद्दल मला लिहायलाच हवं, कारण या सगळ्या सीझनमध्ये माझ्याकडून जे बरोबर झालं ते हेच. आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. रायफल रिकामी करून खोळीत. आजीबाईंनी सूप दिलं, माझ्याच्याने गिळवेना. बाहेर कायोटी, इथले कोल्ह्यांसारखे प्राणी, ओरडत होते. प्रत्येक ओरडण्याला मी उठत होते आणि आजोबा हाताने 'बस' म्हणत होते. तिथे एक जनावर माझ्यामुळे मरत होतं आणि त्याच्यासाठी करण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे काही न करणं. साडेआठला निघालो. बर्फ नव्हता, त्यामुळे माग कठीण. एक थेंब सापडला की तिथे कागदी रुमाल ठेवायचा आणि दुसरा थेंब सापडेपर्यंत पुढे पाऊल टाकायचं नाही. मागे वळून पाहिलं की रुमालांची पांढरी ओळ दिसायची आणि तो कुठल्या दिशेने चाललाय ते कळायचं. दीडशे यार्डांवर, काटेरी रानगुलाबाच्या जाळीत तो पडलेला सापडला. केव्हाच गेलेला होता, अंग थंड पडायला लागलं होतं. मी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि माफी मागितली, मराठीत.

पोट उघडणं, मूत्राशय न फोडता आतडी काढणं, छाती काठीने उघडी ठेवून गार करणं हे सगळं आजोबांनी माझ्याकडूनच करून घेतलं. हातात लांब रबरी मोजे. जठरात पिवळाधमक मका होता. सगळं निरोगी दिसत होतं. हे वाक्य पुढे महत्त्वाचं आहे.

सोमवारी नोंदणी केली. मुंडकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून, फॉर्मवर कुठे मारलं ते लिहून रस्त्याकडेच्या चाचणीच्या पेटीत टाकलं. पेटी चोवीस तास उघडी, चाचणी फुकट. फॉर्मचा फाडलेला तुकडा पाकिटात ठेवला. घरी नवऱ्याने आणि मी दोन रात्री बसून मटण सोडवलं. ते करताना पाठीचा कणा कुठेही कापला नाही, तेवढं शिकवलेलं होतं. बावीस किलो. पाकिटांवर तारीख लिहिली, बाकी काही नाही.

गुरुवार

थँक्सगिव्हिंगला आम्ही चार मराठी कुटुंबं एकत्र जेवतो. त्या वर्षी मैत्रिणीची आई, आमच्या काकू, कुडाळहून आल्या होत्या. बुधवारी फोनवर त्यांनी विचारलं, "शिकार मिळाली म्हणतत ती खरी? मग हाडाचा नाय तर नाय, पण रस्सो तरी कर गो." मी हो म्हटलं. क्षणभरही थांबले नाही.

सुकं खोबरं भाजून, कांदा काळपट परतून, त्रिफळं घालून रस्सा केला. हरणाच्या मटणात चरबी नसते, त्यामुळे रस्सा बोकडासारखा जड होत नाही, मसाला वर येतो. काकूंनी पहिला घास घेतला आणि त्यांना त्यांचे वडील आठवले. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीची चव, त्या म्हणाल्या. टेबलाभोवती सगळे ऐकत होते. सहा आणि नऊ वर्षांची दोन मुलंही जेवत होती. माझ्या आजोबांनी सांगितलेला वाटा मी एकदाचा टाकला होता, असं मला त्या वेळी वाटत होतं.

चाचणीचा निकाल यायचा आहे हे त्या टेबलावर फक्त दोघांना ठाऊक होतं, मला आणि माझ्या नवऱ्याला. त्याने स्वयंपाक करताना विचारलं होतं, "रिपोर्ट आला का?" मी म्हटलं, "येईल. बघितलंस ना किती तब्येतीचं होतं ते."

निकाल

चार डिसेंबरला ईमेल आला. सीडब्ल्यूडी पॉझिटिव्ह.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा प्रायॉनचा रोग आहे. विषाणू नाही, जीवाणू नाही. शरीरातलंच एक प्रथिन वेडंवाकडं दुमडतं आणि शेजारच्या प्रथिनांनाही तसंच दुमडायला लावतं. मेंदूला भोकं पडतात. ब्रिटनमधल्या मॅड काऊ रोगाच्याच कुळातला हा. १९६७ मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त हरणांमध्ये पहिल्यांदा आढळला. विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये सापडला, आणि तो नेमका याच डेन-आयोवा काउंटीच्या पट्ट्यात. आज तिथल्या काही भागांत मोठ्या नरांपैकी तीनात एकाहून जास्त बाधित निघतात, माद्यांपेक्षा दुपटीच्या आसपास. लागण झाल्यापासून हरीण खंगायला लागेपर्यंत दीड-दोन वर्षं जातात. त्या सगळ्या काळात ते चरतं, माजावर येतं, अंगावर चरबी धरतं. "तब्येतीचं दिसत होतं" याला म्हणून काहीही अर्थ नव्हता. नर होता, प्रौढ होता, आयोवा काउंटीतला होता. या तीन गोष्टींवरूनच मला शंका यायला हवी होती.

माणसाला हा रोग झाल्याची आजवर एकही सिद्ध नोंद नाही. माकडांवरचे प्रयोग झाले आहेत, त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला मात्र स्पष्ट आहे: बाधित भागातल्या हरणाची चाचणी करा आणि पॉझिटिव्ह असेल तर खाऊ नका. शिजवल्याने प्रायॉन मरत नाही. कुकरच्या कितीही शिट्ट्या केल्या तरी नाही.

त्या रात्री मी नऊ फोन केले. आधी मैत्रिणीला. ती गप्प बसली आणि मग म्हणाली, "तुला माहीत होतं चाचणी दिली आहेस ते?" मी हो म्हटलं. तिने फोन ठेवला. मुलांच्या वडिलांनी आजार काय आहे हे विचारलंच नाही. त्यांचा एकच प्रश्न होता: "मग आम्हाला विचारलं का नाही वहिनी?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. दीड महिना त्या घराशी बोलणं बंद होतं.

काकूंना मी दुसऱ्या दिवशी समोर बसून सांगितलं. त्या चौदा तारखेला परत जाणार होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "माझा वय झाला गो," त्या म्हणाल्या, "पण पोरांक तरी थांबवूचा होता."

आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की जिवंत माणसात हे तपासण्याची चाचणी नाही, घ्यायचं औषध नाही, नोंद करून ठेवू. त्या काळात मी जे जे वाचलं त्यात एक घटना माझ्या फार जवळची निघाली. २००५ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या ओनायडा काउंटीत एका अग्निशमन दलाच्या जेवणावळीत हरणाचं मटण वाढलं गेलं. चाचणीसाठी नमुना आधीच गेलेला होता, निकाल जेवणानंतर आला आणि तो पॉझिटिव्ह होता. जेवायला दोनशेच्या आसपास माणसं होती. त्यांतली एक्क्याऐंशी जणं पुढे वर्षानुवर्षं तब्येतीची माहिती द्यायला तयार झाली, आणि प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात त्या जेवणाशी जोडता येईल असा कोणताही आजार आढळला नाही. तो अहवाल मी सगळ्या नऊ जणांना पाठवला. धीर मिळाला. पण माझ्याआधी अठरा वर्षं हीच चूक, याच क्रमाने, कोणाकडून तरी झाली होती, हेही त्यातून दिसलं.

कुठे चुकलं

मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. पहिले काही दिवस मी चाचणीला उशीर झाला असं म्हणत होते. ते खरं नाही. चौदा दिवस ही तिथली नेहमीची मुदत आहे, आणि गुरुवार कधी येणार हे मला सप्टेंबरपासून माहीत होतं. मग मी वाट्याच्या रीतीवर ढकललं. तेही पूर्ण खरं नाही. माझ्या आजोबांच्या काळी वाटा घेणारा माणूस त्या शिकारीला हजर असायचा. जनावर कसं होतं, कुठे सापडलं, काळजावर डाग होते का, हे त्याने स्वतः बघितलेलं असायचं. वाट्याबरोबर माहिती आपोआप जायची. मी फक्त मटण दिलं. निकाल बाकी आहे एवढं एक वाक्य मी सांगितलं असतं, तर काहींनी खाल्लं असतं, काहींनी नसतं, आणि मुलांच्या ताटात त्यांच्या आईवडिलांनी ठरवलेलं पडलं असतं. रोगाच्या धोक्यापेक्षा हे जास्त गंभीर आहे, असं माझं मत आहे, आणि ते ज्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं त्यांच्याकडून मला कळलं.

तयारीचंही एक चुकलं. नेम, वारा, मचाण, रक्ताचा रंग यांचा सराव मी महिनोन् महिने केला, कारण त्या गोष्टी रानातल्या होत्या. फ्रीझरचा सराव नाही केला. पान सतरावरची शेवटची ओळ मला घरकामासारखी वाटली.

उरलेलं एकोणीस किलो मटण दुहेरी पिशव्यांत बांधून कचऱ्याच्या गाडीत दिलं. ते शहराच्या भरावाच्या जागी पुरलं जातं. रानात टाकून चालत नाही, प्रायॉन मातीत वर्षानुवर्षं टिकतो. सुऱ्या स्वच्छ घासून चाळीस टक्के ब्लीचच्या पाण्यात पाच मिनिटं बुडवल्या. स्टीलच्या पृष्ठभागावर ते पुरतं, मांसाचा कण अडकलेला असेल तर नाही, म्हणून मुठीची खाच असलेली सुरी टाकूनच दिली. लाकडी पाटही टाकला. पिशव्या उचलून नेल्या त्या सकाळी मी खिडकीत उभी होते. रानगुलाबाच्या जाळीत मानेवर ठेवलेला हात आठवत होता.

शेतवाल्या आजोबांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. २००२ पासून ते प्रत्येक हरणाची चाचणी करतात. उठून शेडमधल्या फ्रीझरचं झाकण उघडून दाखवलं. डावी टोपली, उजवी टोपली. डावीकडच्या प्रत्येक पाकिटावर पांढऱ्या चिकटपट्टीवर चाचणीचा क्रमांक. उजवीकडच्या पाकिटांवर तोच क्रमांक आणि त्याखाली हिरव्या पेनाने बरोबरची खूण. "मी हे तुला दाखवायला हवं होतं," ते म्हणाले. "नुसतं सांगितलं."

नैऋत्य विस्कॉन्सिनमध्ये हजाराहून अधिक हरणांना कॉलर लावून राज्याने केलेल्या अभ्यासाचे आकडे नंतर आले. निरोगी प्रौढ नर वर्षभर जगण्याची शक्यता ६९ टक्के, बाधित नराची १७ टक्के. ते वाचताना मला माझा नर आठवला, चकाकत्या केसांचा, पुढे पाऊल टाकणारा.

२०२४

पुढच्या सीझनला जायचं की नाही, यावर घरात बरंच बोलणं झालं. गेले. आधी त्या तिन्ही घरी जाऊन सांगितलं की जाते आहे, आणि मटण घरी देणार नाही, मागितलं तरच आणि कागदासकट देईन. आमच्या फ्रीझरमध्ये आता दोन टोपल्या आहेत. एका हरणाचं मटण दुसऱ्यात मिसळत नाही. बाहेर खिमा करायला दिलं तर एकट्याचं वेगळं करून द्या असं लिहून देते, कारण एरवी अनेकांचं एकत्र दळलं जाऊ शकतं, आणि मग एका चाचणीला काही किंमत राहत नाही.

२४ नोव्हेंबरला, रविवारी सकाळी, एक मादी मिळाली, चाळीस यार्डांवर. फुप्फुसात गोळी, ती जागच्या जागी बसली. पाडस बरोबर नव्हतं, तेवढं मी वीस मिनिटं थांबून बघितलं होतं. मुंडकं पेटीत टाकलं, फॉर्मचा तुकडा फ्रीझरच्या दारावर चुंबकाने लावला. त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगला मी कोंबडीवडे केले.

निकाल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. त्यात 'सुरक्षित' असा शब्द नसतो. 'आढळला नाही' असं असतं, आणि मी सगळ्यांना तेच शब्द सांगते.

काकू पुन्हा आल्या होत्या. मी ईमेल छापून घेतला, एक पाकीट घेतलं आणि मैत्रिणीच्या घरी गेले. काकूंनी चष्मा लावला. कागदावरचा क्रमांक एकेक आकडा मोठ्याने वाचला, पाकिटावरच्या चिकटपट्टीवर बोट ठेवून तोच पुन्हा वाचला, आणि पाकीट आत न नेता आधी मुलीला, म्हणजे माझ्या मैत्रिणीला, म्हणाल्या, "तू पण वाच."